दुसरी दिशा

मला पगार मिळतो तो खरखर पकडायचा. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग सांभाळून घेतल्यासारखं विचारतात, "म्हणजे नक्की काय करता हो?" आता काय करते म्हणजे! खरखर पकडते.

आमच्या खडकमाळ पठारावर माणसाच्या उंचीचे आठ हजार खांब आहेत आणि प्रत्येकावर चार तारा ताणलेल्या आहेत. गावात त्याला तारांचं रान म्हणतात. ते सगळं मिळून एकच दुर्बीण आहे, रेडिओ लहरींची. तिच्याभोवती वीस किलोमीटरचा शांत पट्टा. पट्ट्यात मोबाइल नाही, बिनतारी काहीच नाही, विजेवरची गाडीसुद्धा नाही. बोलायचं तर रस्त्याकडेच्या खांबांवर तारेचे फोन बसवलेत, त्यावर बोला. तरी कुणीतरी बाजारातून स्वस्तातला दिवा आणतोच, कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीत ठिणगी उडतेच, आणि त्यातून लहरी सुटतात. दुर्बिणीला ती खरखर ऐकू येते. मग कंट्रोल रूममधून दस्तगीर मुलाणी मला खांबावर फोन करतो, "वहिनी, पाहुणा आलाय," आणि मी गाडी काढते.

गाडी डिझेलची आहे. सबंध तालुक्यात डिझेल पिणारी ही एकच उरली असेल. डिझेलच्या इंजिनात ठिणगी लागत नाही, म्हणून ती गाडी स्वतः खरखर करत नाही. टपावर अँटेना, ती आतून दांड्यानं फिरवायची. कानाला हेडफोन, समोर काटा. खरखर जिकडून जास्त येते ती दिशा. नकाशावर तिकडे रेघ मारायची. मग गाडी घेऊन लांब दुसऱ्या ठिकाणी जायचं, तिथून पुन्हा कान लावायचा, दुसरी रेघ मारायची. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे तो बसलेला असतो.

मला बोलायची खोड आहे. एकटीच असते ना गाडीत. "कुठे लपलायस मेल्या? सापडू दे, मग बघते तुझ्याकडे." ह्यांना फार हसू यायचं. म्हणायचे, "मंदे, ती खरखर आहे, तुझा दीर नाही."

हे म्हणजे माझे यजमान. पट्ट्यातले पहिले खरखर पकडणारे तेच. नोंदवही त्यांनीच आखली, क्रमांक, पहिली दिशा, दुसरी दिशा, नाव, स्थिती. दिवा बदलला, वायर जोडली, आवाज बंद झाला की स्थितीच्या रकान्यात लिहायचं 'शांत'. आणि नियम त्यांचाच. दुसरी दिशा मिळाल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही. एका रेघेवर दहा घरं असतात, उगाच कुणाच्या दारात जाऊन आळ घ्यायचा नाही. मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं.

"नाव घ्यायला मला तसंही कुठे जमतंय?" मी म्हटलं होतं.

"तेच तर. खरखरीचं घेशील, माझं कधी घेणार?"

"लग्नात घेतलंय की उखाण्यात. पुरे."

सत्तावीस वर्षं हा वाद चालू होता. त्यांना फार हौस होती, मी एकदा तरी नावानं हाक मारावी अशी. आमच्या घरात ती रीत नव्हती. आणि नंतर तर मी त्यांना चिडवायला म्हणूनच घेत नव्हते.

शिक्षण माझं बारावी. पण ह्यांनी जे समजावलं ते कुठल्या पुस्तकात मला मिळालं नसतं. ते म्हणायचे, उजेड, चुलीची धग, दवाखान्यातला एक्स-रे, रेडिओवरचं गाणं ही सगळी एकाच आईची लेकरं. विजेचा कण कुठेही थरथरला की त्यातून लाट सुटते, विजेची आणि चुंबकाची मिळून. तिला पाणी नको, हवा नको, मोकळ्या पोकळीतूनही ती जाते, आणि सगळ्या भावंडांचा वेग एकच, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. फरक फक्त लांबीचा. फार आखूड लाट असली की ती मांसातून आरपार जाते आणि हाडाचा फोटो निघतो. जरा लांब झाली की डोळ्यांना दिसते. आणखी लांब, तर अंगाला ऊब लागते. आणि वीतभर, हातभर, पुरुषभर झाली की ती रेडिओची. माणसाला त्या सगळ्यातली इवलीशी फट दिसते आणि तो म्हणतो मला सगळं दिसतं.

आमची दुर्बीण एकाच लाटेसाठी बांधली होती. विश्वात पहिले तारे पेटले तेव्हा सगळीकडे हायड्रोजन भरून होता, आणि हायड्रोजनच्या अणूची लाट असते वीतभर. विश्व पसरत गेलं तशी ती लाटही ताणली गेली. तेराशे कोटी वर्षं चालून इथे पोचेपर्यंत ती दोन माणसं एकावर एक उभी करावीत एवढी लांब झाली आहे. आणि इतकी क्षीण, की गावातल्या एका फुटक्या दिव्याची खरखर तिच्यापेक्षा कोट्यवधी पट मोठी. ती लाट आमच्या पठारावर रोजच पडत होती. फक्त ऐकू येत नव्हती.

*

ह्यांचा आजार आधी बोटांत आला. नट पिळता येईना. मग पाय, मग मान. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असं डॉक्टर म्हणाले, आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. काय म्हणावं या देवाला! शेवटी जीभ गेली. आठ महिने घरात फक्त माझीच बडबड. डाव्या हाताचा अंगठा तेवढा हलत होता आणि डोळे.

मग बोलपट्टी आली. शहरातल्या इस्पितळात बसवली. मेंदूच्या बोलण्याच्या भागावर नखाएवढी पट्टी ठेवतात. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा तिथे विजेची हालचाल होते. पट्टी ती टिपते, कातडीखालच्या तारेनं बरगडीवरच्या डबीला देते, डबी शब्द जुळवते आणि बोलते. जीभ नको, श्वास नको. सगळं तारेनं, बिनतारी काही नाही, म्हणून तर शांत पट्ट्यात परवानगी मिळाली. आणि आवाज ह्यांचाच. कंट्रोल रूमच्या फोनवर वीस वर्षं रेकॉर्ड झालेल्या बोलण्यातून दस्तगीरनं तो जमवून दिला होता.

घरी आणलं, गादीवर टेकवलं, चमच्यानं चहा पाजला. डबी जरा खाकरली. खरंच, खाकरलीसुद्धा त्यांच्यासारखी. मग म्हणाले, "मंदे, चहा गोड करायला लागलीस हल्ली."

मी आत ओट्यापाशी जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. आठ महिन्यांनी नवरा बोलला आणि काय बोलला तर चहाला नावं ठेवली.

तो उन्हाळा चांगला गेला. दिवसभर बोलायचे. रेडिओ दुरुस्त कसा करायचा ते शेजारच्या पारूआत्याला शिकवायचे. आत्याला रेडिओत काडीचा रस नव्हता, तरी ती बसायची बिचारी ऐकत.

दिवाळीनंतर दस्तगीरचा फोन आला. नवा पाहुणा, क्रमांक सत्तेचाळीस, बारीक आहे पण सारखा आहे. मी पहिली दिशा घेतली. दुसरी घेतली. नकाशावर पट्टी ठेवून रेघा मारल्या, आणि त्या कातळवाडीत आमच्या घरावर एकमेकींना कापत होत्या. मी पेन्सिल खोडून पुन्हा मारल्या. पुन्हा तिथेच. ह्यांच्या डबीतून आता गळती सुरू झाली होती. आतली वीज शब्दांच्या तालात कमीजास्त व्हायची आणि तिच्याबरोबर लाट सुटायची, नेमकी दुर्बीण शोधत होती त्या लाटेच्या लांबीची.

वहीत मी नावाचा रकाना रिकामा सोडला. दस्तगीरनं विचारलं नाही.

*

दुर्बिणीच्या प्रमुख डॉक्टर हिमगौरी साठ्ये स्वतः घरी आल्या. बाई साधी आहे, जमिनीवर मांडी घालून बसली. म्हणाली, "हिरामणदादा, एरवी तुमची खरखर आम्ही यंत्रानं गाळून काढू शकतो. पण आता अकरा दिवसांची अखंड नोंद घ्यायची आहे. सूर्याचीही खरखर असते, आणि तो इतका गप अकरा वर्षांतून एकदाच असतो. तेवढे अकरा दिवस तुम्हाला पट्ट्याबाहेर शहरात ठेवू या का? सगळी व्यवस्था आमची."

"नको," डबी म्हणाली. "गाडीत बसवून न्याल तर घाटात मरेन मी. बंद करा डबी."

"अहो, काहीतरीच काय!" मी मध्येच बोलले. "बंद बिंद काही नाही. आठ महिने काढलेत मी मुक्या माणसाबरोबर. पुन्हा नाही काढायचे. साठ्येबाई, तुमचे ते तारे आणखी अकरा वर्षं थांबतील की. ते कुठे पळून चाललेत?"

"तारे थांबतील," हे म्हणाले. "मी थांबेन का?"

मी त्यांच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली.

"मंदे, बावीस वर्षं या पठारावर मी लोकांचे दिवे बंद करत फिरलो. कुणाच्या लग्नातला माइक बंद केला, कुणाच्या पोराचं खेळणं काढून घेतलं. शिव्या खाल्ल्या. आणि शेवटी माझ्याच घरातून खरखर? ती लाट तेराशे कोटी वर्षं चालत आलीय बिचारी. मला अकरा दिवस गप बसता येत नाही?"

मी भांडले. दोन दिवस भांडले. पण खरं सांगायचं तर मीही त्याच पठारावर वाढले होते, आणि मलाही ती लाट सापडायला हवी होती. मी शेवटी हो म्हटलं. हे मला विसरता येत नाही.

बटण त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली बसवलं. बंद करायच्या सकाळी मला वाटलं, आता काहीतरी मनातलं बोलतील. मी तयारच होते रडायला. ते म्हणाले, "पारूआत्याला सांग, रेडिओला हात लावू नको. अर्धवट शिकलीय." आणि अंगठा दाबला.

*

पहिले पाच दिवस बरे गेले. मुळाक्षरांचा तक्ता होता, मी बोट फिरवायची, हवं ते अक्षर आलं की ते पापणी मिटायचे. छातीत कफ साठायचा तेव्हा ते डोळे मोठे करायचे, मी नळीनं ओढून काढायची. दोन मिनिटांचं काम. मी फेरीवर गेले की पारूआत्या येऊन बसायची. तिलाही ते जमायचं.

सहाव्या दिवशी दुपारी दस्तगीर म्हणाला, पाहुणा आलाय. मी वडाजवळच्या फोनच्या खांबापाशी पहिली दिशा घेतली, आणि रेघ सरळ कातळवाडीवरून गेली. माझं टाळकंच सरकलं. दुसरी दिशा घ्यायची शुद्ध कुणाला होती? तशीच घरी गेले, दारातून ओरडत.

"अहो, ठरलं होतं ना आपलं? तुम्हीच मोठ्या तोंडानं बोललात आणि तुम्हीच चालू केलंत? मला मान खाली घालायला लावता होय लोकांसमोर?"

ते नुसते बघत होते. मी डबीला हात लावला. गार होती. बंद होती. पारूआत्या म्हणाली, "अगं, काय बोलतेस त्याला? सकाळपासून गप पडलाय." तेवढ्यात घरचा फोन वाजला. दस्तगीर सांगत होता, दूध डेअरीत नवा वजनकाटा आलाय, तोच निघाला.

ह्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात उतरत होतं. ते पुसायलाही त्यांना हात नव्हता. मी पुसलं. तक्ता धरला. त्यांनी फार वेळ लावला नाही. द. ओ. न.

दोन.

"चुकले," मी म्हटलं. "शपथ घेते. पुन्हा दुसरी दिशा घेतल्याशिवाय तुमच्यावर आळ घेणार नाही. झालं?"

त्यांनी एकदा पापणी मिटली. म्हणजे हो.

*

नववा दिवस गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडे बाजार. पारूआत्या म्हणाली होती, अकरापर्यंत येते. मला साडेनऊला फेरीवर निघायचं होतं. कफ काढला, उशी सारखी केली. "दीड तास एकटे राहाल ना हो?" पापणी मिटली. डोळ्यांनीच दार दाखवलं, जा म्हणून. नेहमीची घाई त्यांची, मला घराबाहेर काढायची.

दहा वाजून एकवीस मिनिटांनी वडाच्या खांबावरचा फोन वाजला.

"वहिनी, पाहुणा. जोरात आहे. आत्ताच आला."

"कोण ते सांगतंय का तुझं यंत्र?"

"यंत्राला ओळख पटवायला अर्धा तास लागतो, माहितीय ना तुम्हाला. पण बोरदऱ्याच्या लाइनवर सकाळपासून चिमणी फुटल्याची तक्रार आहे. मला तेच वाटतंय."

चिमणी म्हणजे विजेच्या खांबावरची चिनी मातीची वाटी. फुटली की ठिणग्या उडतात. मी हेडफोन लावला, दांडा फिरवला. तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज, मध्ये मध्ये तुटणारा. ठिणगीही तशीच तुटते. रेघ मारली. रेघेवर आधी बोरदऱ्याची लाइन होती, आणि तिच्या पलीकडे कातळवाडी.

मनात पाल चुकचुकली. का नाही चुकचुकणार? त्या खांबापासून आमचं घर गाडीनं सात मिनिटं. मी स्टिअरिंग घराच्या दिशेला वळवलंसुद्धा. आणि मग मला सहाव्या दिवसाचं ते पाणी आठवलं, कानात उतरणारं. मी शपथ घेतली होती. पुन्हा दारातून ओरडत गेले आणि पुन्हा डबी गार निघाली, तर त्या माणसाला मी काय तोंड दाखवू? मी गाडी उलटी फिरवली. दुसऱ्या दिशेसाठी खडकीचा फाटा बरा पडतो. उलट्या बाजूला, नऊ मिनिटं.

वाटभर खरखर चालू होती. हेडफोन मी गळ्यात ठेवला होता, तिथूनही ऐकू येत होती. मी नेहमीसारखी बोलत होते. "थांब मेल्या, येते. किती आरडाओरडा करशील? गप बस जरा." असंच बोलले. शब्द न शब्द आठवतो मला.

खडकीच्या फाट्यावर दांडा फिरवला, दिशा पकडली, पेन्सिल हातात घेतली, आणि काटा एकदम खाली पडला. कानात काही नाही. निव्वळ शांत.

"गप झाला एकदाचा मेला," मी म्हटलं.

फाट्यावरचा फोन वाजला. दस्तगीर खुशीत होता. "शांत झाला, वहिनी! शांत झाला! एवढ्यात पोचलात पण? शाब्बास!"

"अरे, मी कुठे पोचलेय? मी अजून फाट्यावरच आहे. आपोआप झाला."

"चला, झाला ना शांत, बस."

फोन खांद्यावर धरून मी दुसरी रेघ मारली. सवयीनं मारली. झाल्यावर बघितलं तर ती बोरदऱ्याच्या लाइनला शिवलीच नव्हती. ती कातळवाडीत गेली होती, आमच्या घरावर.

आपल्यात कुणी गेलं की आपण कसं म्हणतो? वडील शांत झाले. आजी पहाटे शांत झाली. माझ्या हातातला फोन खाली पडला आणि दोरीला लोंबकळत राहिला. आतून दस्तगीर विचारत होता, "वहिनी? काय झालं, वहिनी?"

सोळा मिनिटं लागली मला घरी पोचायला.

त्यांचा अंगठा बटणावरच होता. डबी गरम होती. श्वास थांबला की जरा वेळानं ती आपली आपण बंद होते. कफ घशात अडकला होता. दोन मिनिटांचं काम, मी म्हटलं ना. नळी तिथेच होती, हाताच्या अंतरावर, माझ्या हाताच्या. मी तरीही ती लावली. लावून ओढत राहिले. पारूआत्या पिशवी घेऊन आली, तिनं माझा हात धरला तेव्हा थांबले.

*

अकरा दिवसांची नोंद पुरी झाली. लाट सापडली. साठ्येबाई तेराव्याला आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं, दबक्या आवाजात, मला राग येईल अशा भीतीनं. मला राग आलाच. म्हटलं, सापडली ना, छान झालं, घाला हार तिच्या गळ्यात. आणि मग मला रडू कोसळलं, कारण हे ऐकायला ज्यांनी बावीस वर्षं शिव्या खाल्ल्या ते फोटोत होते.

साठ्येबाईंनी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "मंदाताई, त्या दिवशीची चौदा मिनिटं आम्हाला नोंदीतून कापावी लागणार आहेत. पण कच्ची नोंद अजून आहे. तुमच्या गाडीतल्या यंत्राला फक्त कमीजास्त जोर कळतो, म्हणून तुम्हाला खरखर ऐकू आली. दुर्बीण खूप बारीक ऐकते. डबीतली वीज शब्दांच्या तालात हलते, त्यामुळे त्या खरखरीत शब्दांचा ठसा आहे. दस्तगीरनं तो उलगडलाय. त्यानं पहिलं वाक्य ऐकलं आणि बंद केलं. म्हणाला, हे वहिनींचं आहे. तुम्हाला नको असेल तर आम्ही तसंच पुसून टाकू."

रात्रंदिवस मला एकच प्रश्न खात होता, ते मला काय म्हणाले असतील. शिव्या दिल्या असतील तर? नुसतंच वाचव वाचव म्हणत असतील तर? पुसा म्हणावं, असं दोनदा ओठांवर आलं. पण त्यांच्या अकरा दिवस गप राहण्याला मीच हो म्हटलं होतं. आता बोललेत तर ऐकायला नको?

कंट्रोल रूममध्ये दस्तगीरनं मला खुर्ची दिली, नोंदवही समोर ठेवली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बटण मी दाबलं.

आधी खरखर. तीच, तव्यावरच्या पाण्याची. मग तिच्यातून त्यांचा आवाज वर आला. घाबरलेला नव्हता. फोनवर काम सांगताना असायचा तसा.

"मंदे. मीच आहे. चिमणी नाही, वजनकाटा नाही, मी आहे. दुसरीकडं जाऊ नको. एकाच दिशेवर नाव घे माझं आणि घरी ये."

थोडं थांबून पुन्हा तेच. मंदे, मीच आहे. नाव घे. घरी ये. पुन्हा. पुन्हा. त्यांना माहीत होतं, घरात ऐकायला कुणी नाही. त्यांना माहीत होतं की आठ हजार खांब ऐकतायत, दस्तगीर मला सांगेल, मी गाडीत बसून कान लावेन, आणि मला कळणार काहीच नाही. तरी ते बोलत होते. मी गळ्यात हेडफोन घालून त्यांना गप बस म्हणत होते तेव्हा ते हे बोलत होते.

दहा मिनिटांनंतर आवाज बारीक झाला. शब्दांमधलं अंतर वाढलं. मी घड्याळाकडे बघत होते. त्या वेळी मी खडकीच्या वाटेवर होते.

"दुसरी दिशा घ्यायला गेली असशील," ते म्हणाले. "बरोबर केलंस. मीच शिकवलंय."

मग बराच वेळ नुसती खरखर.

"गाडी सावकाश चालव, मंदे."

मग काटा पडला.

दस्तगीर भिंतीला डोकं टेकवून रडत होता. मी वही पुढे ओढली. क्रमांक सत्तेचाळीस. दुसऱ्या दिशेच्या रकान्यावर मी काट मारली, कागद फाटेल इतक्या जोरात. नावाचा रकाना रिकामा होता, मीच ठेवलेला. तिथे लिहिलं, हिरामण. लिहिलेलं बघितलं. स्थितीच्या रकान्यात माझ्यानं काही लिहवेना, तो तसाच आहे.

टेबलावर स्पीकर होता. त्यात आता काहीच वाजत नव्हतं. मी त्याच्याकडे वाकले.

"हिरामण," मी हाक मारली. "हिरामण, आले मी."